मिरचीच्या रिपोर्टमधले तीन आकडे आणि न दिसलेला चौथा

प्रश्न भोकरदन तालुक्यातल्या एका तरुण मिरची उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: "दोन एकर मिरची आहे, मल्चिंग आणि ठिबकवर. शेंडे वाळत होते म्हणून थायोफनेट मिथाइल आणि मॅन्कोझेब ही बुरशीनाशकं एकत्र मारली. त्यानंतर आठ दिवसांनी फळसड आणि भुरीसाठी अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन अधिक टेब्युकोनॅझोल. लेबलवर पाच दिवस थांबा लिहिलं होतं, पण बाजार चांगला होता, चौथ्या दिवशीच तोडा केला. निर्यातीसाठी माल घेणाऱ्यानं मालावर उरलेल्या औषधाचे अवशेष तपासायला नमुना दिला. रिपोर्ट आला: अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन ०.४२, टेब्युकोनॅझोल ०.२१, कार्बेन्डाझिम ०.०६ मिलिग्रॅम प्रति किलो. कार्बेन्डाझिम मी मारलंच नाही. मॅन्कोझेब मारलं, तर ते रिपोर्टमध्ये नाही. माल नाकारला गेला. रिपोर्ट खोटा आहे का? घरी बायको गरोदर आहे आणि आम्ही रोज हीच मिरची खातो. खावी का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय हे कळतं. या रिपोर्टमधल्या आकड्यांवरून तरी तुमच्या पत्नीनं ही मिरची धुऊन, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. गणित खाली मांडतो, ते स्वतः करून बघा. मात्र मिरची तोडायला त्यांना त्या प्लॉटमध्ये पाठवू नका. खाण्यापेक्षा तोडण्यात धोका जास्त आहे. त्याबद्दलही पुढे लिहितो.

रिपोर्ट खोटा नाही. तुम्हाला खटकलेल्या दोन्ही गोष्टींना सरळ कारण आहे.

थायोफनेट मिथाइल पानावर, झाडाच्या आत, अगदी टाकीतल्या पाण्यात नुसतं राहिलं तरी हळूहळू बदलतं आणि त्यातून कार्बेन्डाझिम तयार होतं. बुरशीला मारण्याचं मुख्य काम हे कार्बेन्डाझिमच करतं. म्हणूनच अन्नासाठीच्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय नियमावलीत बेनोमिल (याच गटातलं आणखी एक बुरशीनाशक), थायोफनेट मिथाइल आणि कार्बेन्डाझिम या तिघांची बेरीज एकत्र करून ती कार्बेन्डाझिम म्हणून मोजतात. बारा दिवसांपूर्वी तुम्ही जे मारलं, तेच नाव बदलून रिपोर्टमध्ये आलंय. प्रयोगशाळेतल्या इतक्या वर्षांत "साहेब, हे मी मारलंच नाही" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. बहुतेक वेळा शेतकरी खरं बोलत होता आणि यंत्रही खरं बोलत होतं. कधी कारण असं असतं, कधी शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आलेला फवारा असतो, कधी आदल्या फवारणीनंतर न धुतलेला पंप. आणि कधी 'शंभर टक्के जैविक' म्हणून विकलेल्या बाटलीतच रासायनिक औषध मिसळलेलं असतं. या शेवटच्या प्रकाराची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्यात शेतकऱ्यानं पैसे मोजलेले असतात, काळजी घेतलेली असते आणि माल नापास होतो तो त्याच्याच नावावर.

आता मॅन्कोझेब. ते रिपोर्टमध्ये नाही म्हणजे मिरचीवर नाही, असा अर्थ काढू नका. ते मोजलंच गेलेलं नाही.

प्रयोगशाळेत एकाच नमुन्यातून शंभर-दोनशे औषधं एकदम शोधण्याची जी पद्धत चालते तिला क्वेचर्स म्हणतात. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिनं आमचं कामच बदलून टाकलं. आधी ज्या नमुन्याला दिवस जायचा, तो अर्ध्या तासात तयार होऊ लागला. मिरचीचा लगदा दहा ग्रॅम घ्यायचा, त्यात द्रावक म्हणून दहा मिली अ‍ॅसिटोनायट्राइल घालायचं, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि एक ग्रॅम मीठ टाकून जोरात हलवायचं. मीठ पडलं की पाणी आणि द्रावक वेगळे होतात, औषधं द्रावकात उतरतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा थर घ्यायचा, पीएसए नावाच्या पावडरीनं त्यातली आम्लं आणि साखर काढून टाकायची आणि तो द्रव यंत्रात सोडायचा. पुण्याजवळच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षासाठी याच धर्तीवर, पण द्रावक म्हणून इथाइल अ‍ॅसिटेट वापरण्याची पद्धत बसवली गेली. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळा आज तीही वापरतात.

यंत्र म्हणजे एलसी-एमएस/एमएस किंवा जीसी-एमएस/एमएस. ते आधी औषधांचे रेणू एकमेकांपासून वेगळे करतं, मग प्रत्येक रेणू फोडून त्याचे ठरलेले दोन तुकडे शोधतं. रेणू ठरलेल्या वेळी बाहेर आला पाहिजे, दोन्ही तुकडे दिसले पाहिजेत आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाणही जुळलं पाहिजे. हे सगळं जमलं तरच आम्ही औषधाचं नाव लिहितो. म्हणून 'नाव' चुकण्याची शक्यता फार कमी. 'आकडा' मात्र इकडेतिकडे होऊ शकतो. मिरची तर यासाठी त्रासदायक पीक आहे. तिचा रंग, तेल, तिखटपणा यंत्रात औषधाचा सिग्नल दाबतात किंवा फुगवतात. म्हणून चांगली प्रयोगशाळा तुलनेची प्रमाणित द्रावणं नुसत्या द्रावकात बनवत नाही. औषध न मारलेल्या मिरचीच्या अर्कात बनवते.

मॅन्कोझेब या सगळ्यात सापडत नाही, कारण ते कुठल्याच नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. मँगनीज आणि जस्ताला धरून बसलेली ती लांबलचक साखळी आहे. ती अखंड मोजता येत नाही म्हणून आम्ही ती मोडतो. बंद बाटलीत नमुना, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि स्टॅनस क्लोराइड घालून गरम केलं की कार्बन डायसल्फाइड वायू निघतो, तो मोजायचा. १ मिलिग्रॅम मॅन्कोझेबमधून साधारण ०.५६ मिलिग्रॅम कार्बन डायसल्फाइड निघतो. ही चाचणी वेगळी, तिचे पैसे वेगळे, आणि ती मागितल्याशिवाय कुणी करत नाही. शिवाय मॅन्कोझेब, मेटिरॅम, झायनेब, प्रोपिनेब, थायरम यांतल्या कुठल्याही औषधापासून तोच वायू निघतो, त्यामुळे नेमकं कोणतं मारलं हे त्यावरून सांगता येत नाही. आणखी एक: या चाचणीसाठी नमुना मिक्सरमध्ये बारीक करायचा नसतो. भाजीचा रस लागला की मॅन्कोझेब तिथेच मोडायला लागतं आणि आकडा कमी येतो. गोठवलेल्या मालाचे जाडसर तुकडे करून लगेच बाटलीत टाकायचे असतात.

याच चाचणीनं मला एकदा चांगलंच शिकवलंय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याच्या पत्ताकोबीत कार्बन डायसल्फाइड निघाला आणि मी 'डायथायोकार्बामेट (म्हणजे मॅन्कोझेबच्या गटातलं औषध) आढळले' असं लिहून मोकळा झालो. तो माणूस दोनदा येऊन सांगून गेला की बुरशीनाशकाची बाटलीच घरात नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्याचा चेहरा मला विसरता येईना. मी घरामागे लावलेला, कशाचाही स्पर्श न झालेला कोबीचा गड्डा आणून तीच चाचणी केली. त्यातही वायू निघाला. कोबी, फुलकोबी, कांदा, लसूण यांच्यात मुळातच गंधकाची संयुगं असतात आणि तापवल्यावर ती तोच वायू सोडतात. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, मी नीट वाचलेलं नव्हतं. त्या शेतकऱ्याला मी दुरुस्त रिपोर्ट नेऊन दिला, पण तोवर त्याचा माल कमी भावात गेला होता. तेव्हापासून कोबीवर्गीय भाजीचा या चाचणीचा रिपोर्ट कुणी दाखवला की न फवारलेल्या कोबीचा आकडा सोबत आहे का, हे मी आधी विचारतो. मिरचीत ही अडचण येत नाही, तेव्हा तुम्ही ही चाचणी निर्धास्तपणे करून घ्या.

यंत्राबद्दल एवढं लिहिलं, पण खरी चूक यंत्राच्या फार आधी होते. दोन एकरांतला माल, त्यातली एक किलो मिरची, त्यातले दहा ग्रॅम, आणि त्यातून शेवटी यंत्रात जाणारे काही मायक्रोलिटर. ती एक किलो मिरची कुठून उचलली, यावर सगळं उभं असतं. व्यापाऱ्यानं नमुना बहुधा वरच्या क्रेटमधून घेतला असेल. बांधाच्या कडेची झाडं, जिथे पंप वळतो आणि फवारा दुप्पट पडतो, त्यांचा माल त्यात आला असेल तर आकडा चढतो. कोडेक्सच्या नमुना पद्धतीत मिरचीसारख्या लहान फळासाठी किमान १ किलो आणि कोबीसारख्या मोठ्या फळासाठी किमान ५ गड्डे, मिळून २ किलो माल लागतो. वावरात नागमोडी चालत, कडेच्या दोन ओळी सोडून, वीस-पंचवीस झाडांवरून, वरची, मधली, खालची अशी मिळून फळं घ्या. धुवू नका, पुसू नका. नवी कोरी पिशवी वापरा. माझ्याकडे एकदा मिरची आली होती ती कृषी सेवा केंद्रातून औषधाच्या बाटल्या आणलेल्या पिशवीतच. तो नमुना मी तपासलाच नाही, परत पाठवला. नमुना बर्फाच्या डब्यात, सावलीत, त्याच दिवशी पोचवा. एप्रिल-मे महिन्यात बसच्या टपावरून आलेल्या नमुन्यात काय राहतं आणि काय उडून जातं, हे कुणीही सांगू शकत नाही.

आकडा हातात आला की त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा धरायची असते. सगळं काम नीट झालं तरी अवशेषांच्या मोजणीत ५० टक्के अनिश्चितता धरण्याची रीत आहे. म्हणजे रिपोर्टमधला ०.२१ हा खरं तर ०.१० ते ०.३२ च्या दरम्यानचा कुठलाही आकडा असू शकतो. युरोपातले निरीक्षक माल नाकारण्याआधी हा फायदा विक्रेत्याला देतात. शेतकऱ्यानं मात्र उलटा हिशोब ठेवावा: मर्यादा ०.५ असेल तर आपला माल ०.२५ च्या खाली आहे असं दिसलं तरच निश्चिंत व्हावं. रिपोर्टमध्ये 'बीएलक्यू' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'शून्य' असा घेऊ नका. त्याचा अर्थ 'आम्हाला खात्रीनं मोजता येईल इतकं नाही'. ती मोजता येण्याची हद्द ०.०१ आहे की ०.०५, हे त्याच कागदावर शोधा. काही रिपोर्टमध्ये ती हद्द इतकी वर ठेवलेली असते की सगळाच माल स्वच्छ दिसतो.

आता तुमचा माल का नाकारला आणि तरीही तो खाण्याजोगा कसा, हे बघू. कायदा आणि ताट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कमाल अवशेष मर्यादा, जिला आपण एमआरएल म्हणतो, ती विषाची पातळी नसते. लेबलवरचा डोस, लेबलवरचे दिवस पाळून फवारणी केली तर जास्तीत जास्त किती अवशेष उरतील, हे शेतातल्या प्रयोगांतून काढतात. मग तेवढे अवशेष असलेलं अन्न आयुष्यभर खाल्लं तरी सुरक्षित आहे ना, हे तपासतात आणि तो आकडा कायद्यात घालतात. आपल्याकडे हे काम अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, २०११ च्या नियमांखाली करतं. ज्या पिकावर ज्या औषधाला मर्यादाच ठरलेली नाही, तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागू होते. युरोपातही हाच सरसकट आकडा आहे. तो किती छोटा आहे बघा: दहा टन मिरचीच्या ट्रकमध्ये मिळून १०० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा त्यापेक्षा जास्त भरतं. हा आकडा आरोग्याच्या अभ्यासातून आलेला नाही, 'इथे हे औषध वापरायलाच नको होतं' असं सांगण्यासाठी तो आहे. कार्बेन्डाझिमची युरोपातली मंजुरी २०१४ मध्ये संपली, थायोफनेट मिथाइल आणि मॅन्कोझेबची २०२० मध्ये नूतनीकरण न करण्याचा निर्णय झाला. म्हणून तिकडे माल पाठवणारा तुमच्या रिपोर्टवर कार्बेन्डाझिम दिसताच दचकला, आकडा लहान असूनही. भारतातून जाणाऱ्या भेंडी आणि मिरचीची तिथे आधीच जादा तपासणी होते. त्या निर्यातदाराला दोष देऊ नका.

ताटाचं गणित निराळं. जनावरांवरच्या अभ्यासात ज्या डोसला काहीच परिणाम दिसत नाही, त्याला साधारण शंभरानं भागून माणसासाठी रोजचं स्वीकार्य प्रमाण ठरवतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ मंडळानं ते शरीराच्या दर किलो वजनामागे रोज असं ठरवलं आहे: कार्बेन्डाझिम ०.०३ मिलिग्रॅम, टेब्युकोनॅझोल ०.०३, अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन ०.२.

तुमच्या पत्नीचं वजन ५५ किलो धरू. ठेचा आवडीचा असला तरी दिवसाला ५० ग्रॅम मिरची खूप झाली. तेवढीच धरू.

कार्बेन्डाझिम: ०.०६ गुणिले ०.०५ किलो, म्हणजे ०.००३ मिलिग्रॅम. भागिले ५५, म्हणजे ०.००००५५. स्वीकार्य प्रमाणाच्या ०.२ टक्के.

टेब्युकोनॅझोल: ०.०१०५ मिलिग्रॅम भागिले ५५. स्वीकार्य प्रमाणाच्या ०.६ टक्के.

अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन: ०.०२१ मिलिग्रॅम भागिले ५५. स्वीकार्य प्रमाणाच्या ०.२ टक्के.

तिघांची बेरीज केली तरी १ टक्का. कार्बेन्डाझिमबद्दल गरोदर बाईसाठी वेगळी काळजी घ्यायला हवी हे खरं, कारण प्राण्यांमध्ये ते गर्भावर परिणाम करतं. म्हणूनच मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी एका दिवसाची मर्यादा वेगळी आणि कडक ठेवली आहे: दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम, इतर सगळ्यांसाठी ०.५. युरोपानं तर ती ०.०२ धरली. तुमच्या घरचा आकडा त्या ०.०२ च्याही ०.३ टक्के आहे. एका दिवसाच्या हिशोबात भोपळा, कोबीसारख्या मोठ्या फळांसाठी आकडा तिपटीपर्यंत वाढवून धरतात, कारण सरासरी कमी असली तरी एखाद्या फळात जास्त असू शकतं. मिरचीचं एक फळ २५ ग्रॅमपेक्षा बरंच हलकं असतं, तिथे ही वाढ लागत नाही.

हेच आश्वासन मी प्रत्येक भाजीला देणार नाही. पालक, मेथी, कोथिंबीर यांचं सगळंच अंग पान असतं. वजनाच्या मानानं पृष्ठभाग मोठा, त्यामुळे फवाऱ्याचा थर कितीतरी जास्त बसतो. समजा पालकावर कार्बेन्डाझिम मारून दुसऱ्याच दिवशी जुड्या बांधल्या आणि अवशेष दर किलोला ८ मिलिग्रॅम निघाले. १५ किलोच्या पोरानं १०० ग्रॅम पालक खाल्ला तर त्याच्या पोटात दर किलो वजनामागे ०.०५३ मिलिग्रॅम जातात, रोजच्या स्वीकार्य प्रमाणाच्या पावणेदोनपट. मिरचीच्या शेतकऱ्याला मी 'घाबरू नका' म्हणतो, आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मेथीवर पंप चालवणाऱ्याला हात जोडून 'हे करू नका' म्हणतो, ते या फरकामुळे. पालेभाज्यांसाठी नोंदणी असलेली बुरशीनाशकंही फार थोडी. दुकानदार देतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या पिकाचं लेबल असलेलं औषध असतं.

आता न मोजलेलं मॅन्कोझेब. ते शिजवताना तापलं की त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचं संयुग तयार होतं. ते थायरॉइडच्या ग्रंथीला घातक आहे आणि म्हणून मी मॅन्कोझेबला टेब्युकोनॅझोलपेक्षा जास्त गांभीर्यानं घेतो. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी बऱ्या आहेत. एक, ते बारा दिवसांपूर्वी मारलं होतं, आणि आज तुम्ही तोडताय त्यातली बरीच फळं तेव्हा फुलात किंवा बोटाच्या पेरापेक्षा लहान होती. फळ वाढतं तसा थर पातळ होत जातो. दुसरं, मॅन्कोझेब फळाच्या आत जात नाही, वरच बसतं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं तर बराचसा भाग निघतो. देठ काढण्याआधी धुवा, नाहीतर पाणी आत जातं. धुतल्यावर देठाची टोपी काढून टाका, फवाऱ्याचं पाणी तिच्याखालीच साठून वाळतं.

टेब्युकोनॅझोल, अ‍ॅझॉक्सिस्ट्रॉबिन, कार्बेन्डाझिम ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारी औषधं. ती धुऊन निघतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत २०१७ मध्ये सफरचंदावर एक प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या १ टक्का द्रावणात बारा मिनिटं ठेवल्यावर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक ८० टक्के निघालं, उरलेलं २० टक्के सालीच्या आत शिरलेलं होतं. ते कशानंच निघालं नाही. आणि मिरची वाळवून तिखट करणार असाल तर लक्षात ठेवा: चार-पाच किलो ओल्या लाल मिरचीची एक किलो वाळलेली होते. पाणी जातं, औषधाचा मोठा भाग मागे राहतो. ओल्या मिरचीत पास झालेला आकडा वाळलेल्या मिरचीत नापास होऊ शकतो.

तुमची खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुम्ही औषध चुकीचं मारलं असं नाही, तोड्याच्या आणि फवारणीच्या तारखा एकमेकींशी बोलत नाहीत. द्राक्षाचा माल एकदाच उतरतो, म्हणून द्राक्षवाल्याला शेवटचे ४०-५० दिवस मोकळे ठेवता येतात. मिरचीचा तोडा आठ-दहा दिवसांनी, टोमॅटोचा तीन-चार दिवसांनी, भेंडीचा तर दिवसाआड. फवारणी नेहमीच कुठल्यातरी तोड्याच्या तोंडावर येते.

अवशेष कमी होण्याचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक औषधाचं एक अर्धायुष्य असतं, तेवढ्या दिवसांत ते निम्मं होतं. टेब्युकोनॅझोलचं तुमच्या मिरचीवर तीन दिवस आहे असं गृहीत धरू. चौथ्या दिवशी ०.२१ होतं, तर सातव्या दिवशी ०.१०५, दहाव्या दिवशी ०.०५ च्या आसपास. निर्यातदाराला ०.०१ हवं असेल तर चौथ्या दिवसानंतर आणखी तेरा दिवस, म्हणजे एकूण सतरा. दीड-दोन तोडे सोडावे लागतील. लेबलवरचे पाच दिवस हे भारतीय नियमासाठी आहेत, निर्यातीसाठी नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी घट मंदावतेही, म्हणून मी या गणितावर दोन-तीन दिवस जास्तच धरतो. डोस दुप्पट केला तर एक अर्धायुष्य वाढतं, म्हणजे इथे तीन दिवस. पण त्यात औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, त्यात पुन्हा आठव्या दिवशी तेच औषध, असं झालं की आधीचं उरलेलं आणि नवं एकमेकांवर चढतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४० अंशांच्या वरच्या उन्हात औषध लवकर मोडतं. श्रावणातल्या ढगाळ हवेत ते रेंगाळतं. शेडनेटमध्ये तर ऊनही कमी आणि पावसानं धुऊन जाणंही नाही, तिथे उघड्या रानातले दिवस लावू नका.

म्हणून आंतरप्रवाही औषधं फुलोऱ्यापर्यंत आणि पहिल्या तोड्याआधी वापरून टाका. तोडे सुरू झाल्यावर फवारणी करायचीच असेल तर तोडा करून त्याच संध्याकाळी करा, म्हणजे पुढच्या तोड्यापर्यंतचे सगळे दिवस तुमच्या पदरात पडतात. बरेच जण उलटं करतात, 'माल चमकदार दिसावा' म्हणून तोड्याच्या आदल्या दिवशी फवारतात. भुरीला गंधक चालतं, त्याच्या अवशेषांची कटकट युरोपातही नाही. मात्र पारा ३५ च्या वर असेल तेव्हा मारू नका, पानं करपतात. फळसडीची लागलेली फळं आणि वाळलेले शेंडे तोडून वावराबाहेर नेऊन जाळा. हे काम मजुरीचं आहे, कंटाळवाणं आहे, पण एक फवारणी वाचते. चार औषधं एका टाकीत घालणं तर थांबवाच. प्रत्येकाचे दिवस वेगळे आणि शेवटी सगळ्यात लांबचे दिवस तुम्हाला पाळावे लागतात.

आता तोडणाऱ्या बायांबद्दल. सकाळी सहा-सातला दवानं ओली झालेली पानं, उघडे हात, दिवसभर तेच काम. पानावरचं औषध दवात विरघळून कातडीवर येतं. खाणाऱ्याच्या पोटात दिवसाला तिन्ही मिळून ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास जातं तिथे तोडणाऱ्या बाईच्या हातांना कितीतरी पट जास्त लागतं, आणि त्याचा रिपोर्ट कुणी काढत नाही. बाटलीवरचा हिरवा त्रिकोण बघून लोक निर्धास्त होतात. तो त्रिकोण फक्त औषध एकदम पोटात गेलं किंवा कातडीवर पडलं तर किती तीव्र विषबाधा होईल ते सांगतो, रोज थोडं थोडं कातडीतून गेलं तर काय होईल ते सांगत नाही. फवारणीनंतर किमान दोन दिवस कुणालाच प्लॉटमध्ये सोडू नका. तोडणीला हातमोजे द्या, ते महाग नाहीत. दव सुकल्यावर कामाला लावा. फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायला टाकू नका, आणि ते धुण्याचं काम तुमच्या पत्नीवर तर मुळीच नको.

पुढच्या तोड्याआधी नवा नमुना द्या, या वेळी तुमच्या हातानं घेतलेला. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची आहे एवढ्यावर थांबू नका, तिच्या मान्यतेच्या यादीत मिरची आणि तुमची औषधं आहेत का ते विचारा. नमुन्यासोबत फवारणीची वही पाठवा: तारीख, औषधाचं नाव, पंपाला किती टाकलं, किती पंप लागले. दोन चाचण्या मागा, एक बहुअवशेष, म्हणजे अनेक औषधं एकदम शोधणारी, आणि एक कार्बन डायसल्फाइडची. त्याच नमुन्यातली अर्धा किलो मिरची बाजूला काढून, तारीख लिहून, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा. उद्या आकड्यावरून वाद झालाच तर दुसऱ्या प्रयोगशाळेत द्यायला तोच माल हाताशी असेल.